खांबाशेजारची विहीर

बोअरच्या पाइपातून पाणी उसळलं तेव्हा अंगणात जमलेल्या वीसेक माणसांनी एकच गलका केला. राखाडी, फेसाळ पाणी कमरेएवढं उडत होतं. एप्रिलच्या उन्हात आठवडाभर अंघोळीची मारामार असलेल्या बायकांनी लुंग्या वर खोचल्या आणि सरळ पाण्यात घुसल्या. विचियन मशीनशेजारी उभा होता. अंगभर चिखल, पण छाती दोन वीत फुगलेली. चाळीस मीटर खाली जाऊन पाणी आणणं काय खायचं काम आहे!

सगळ्यांत आधी पाणी तोंडात घेतलं ते त्याच्या सासूनं, नुआन म्हातारीनं. ओंजळ भरली, घोट घेतला आणि लगेच लांब पिचकारी मारली.

"काय झालं, आई?"

"मीठ घातलंस व्हय रे ह्यात?"

लोक आधी हसले. मग एकेकानं चाखून पाहिलं आणि हसायचे थांबले. विचियननं स्वतः बोट बुडवून चाटलं. डोळ्यांत पाणी यावं इतकं खारट होतं.

खरं म्हणजे अठरा मीटरवरच गोडं पाणी लागलं होतं. करंगळीएवढी धार, पण गोडी. त्याचा सासरा केन म्हातारा तेव्हा काठी टेकत आला होता, चाखून म्हणाला होता, "बास. हितंच थांबा. खाली मीठ हाय." या भागात जमिनीखाली मीठ आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उन्हाळ्यात भाताच्या खाचरांवर ते पांढरं फुटून वर येतं. पण बोअरवाल्यानं 'अजून खाली गेलो तर धो धो' म्हटलं आणि विचियनला ते पटलं. अकरा वर्षं तो रायोंगला समुद्रकाठच्या बांधकामांवर होता, आठव्या मजल्यावर नळ सोडून बघितलेला माणूस. "करंगळीएवढ्या धारंवर घर चालतं व्हय, बाबा?" असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. आता तेच वाक्य अंगणात त्याच्याकडे बघत उभं होतं.

केन सत्तरीच्या पुढचा. सगळी उमर धडधडत्या हातट्रॅक्टरमागं चालून त्याचे कान गेले होते. त्यामुळे तो साधं बोलला तरी अख्ख्या आळीला ऐकू जायचं, आणि गुपित सांगायला लागला की पलीकडच्या गावाला. पण त्या दिवशी तो काहीच बोलला नाही. हात झटकले आणि रेड्याला गवत टाकायला निघून गेला. त्या न बोलण्यानं विचियन निम्मा झाला.

बोअरवाल्यानं मात्र काही वाटून घेतलं नाही. पाइप आवरता आवरता म्हणाला, "प्यायला नका वापरू. पण बांधकामाला काय हरकत हाय? सिमिटाला काय चव कळती?"

"सिमिटाला न्हाई कळत, पण लोखंडाला कळती," विचियन म्हणाला. "धा वर्सांत सळ्या गंजून खांब फुटंल. त्याच घरात माझी सासू निजायची हाय."

"मग वरचं गोडं घ्या की."

"आता वरचं बी नासलं की रं! एकदा मीठ वर चढलं म्हंजी माघारी जातंय व्हय?"

बोअरवाला हात जोडून, नमस्कार करून गेला आणि घराचं काम तिथंच थांबलं.

घराची गरज खरी होती. जुनं लाकडी घर उंच खांबांवर, आणि त्यातल्या दोन खांबांना वाळवी. नऊ पायऱ्यांची शिडी चढताना नुआनचे गुडघे दर पायरीला बोलायचे. गावचा नळ उन्हाळ्यात दिवसाला तासभर, तोही तांबडं पाणी देणारा. अंगणातल्या पाच मोठ्या रांजणांत गेल्या पावसाचं पाणी होतं, ते पिण्यापुरतं झाकून ठेवलेलं. विचियननं ठरवलं होतं की मेच्या मध्याला पाऊस लागायच्या आत नव्या घरावर पत्रा चढवायचा, जमिनीलगत सपाट घर, एकही पायरी नाही, आणि प्रत्येक मोरीत नळ. चौथ्या चांद्र महिन्यात मुहूर्त काढून पहिला खांब उभाही केला होता. खड्ड्यात शुभ मानलेल्या नऊ झाडांच्या लाकडांचे तुकडे, खांबाला केळीचं रोप, ऊस आणि रंगीत कापडं बांधलेली, सगळ्या आळीनं हात लावलेला. बाकीच्या खांबांचे आठ खड्डे खणून तयार होते. पाण्यावाचून ते आ वासून पडले.

या भागात लग्न झालं की पुरुष बायकोच्या घरी राहायला जातो. जावई घरात आला म्हणजे कणगीत भात आला, असं म्हणतात. पण कणगीतल्या भाताला रोज उठून कुणी शाबासकी देत नाही. विचियनला या घरचा जावई होऊन चौदा वर्षं झाली होती. सासरा त्याला कधी टाकून बोलला नव्हता आणि त्यानं कधी वाखाणलंही नव्हतं. रायोंगहून तो पैसे पाठवायचा तेव्हा म्हातारा "हं" म्हणायचा, कायमचा परत आला तेव्हाही "हं" म्हणाला होता. विचियनला हे घर एवढ्यासाठी हवं होतं की म्हाताऱ्यानं एकदा तरी नळ सोडावा, धार बघावी आणि 'हं'च्या पुढं काहीतरी म्हणावं. चाळिशी उलटलेल्या माणसानं असली हौस धरावी याची त्याला लाज वाटायची, पण हौस होती खरी.

नुआन मात्र हातावर हात धरून बसणारी बाई नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरची पत्र्याची मोठी कढई काढली, अंगणात तीन दगड मांडले आणि बोअरचं पाणी आटवायला घेतलं. संध्याकाळपर्यंत कढईच्या तळाशी पांढरंशुभ्र, बारीक मीठ बसलं. मासे आंबवायला असं मीठ मिळायचं नाही, असा तिनं निकाल दिला. लामदुआन, म्हणजे विचियनची बायको, लाकडं सारत होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि हसू दाबलं.

"हसू नगंस," विचियन म्हणाला.

"म्या कुठं हसतीया? धूर ग्येला डोळ्यात."

दुसऱ्या दिवशी शेजारची पिम्पा मोठं घमेलं घेऊन हजर. पिम्पाची जीभ म्हणजे मिरची कुटायची उखळ. "नुआनबाय, नशीब काढलंस गं. कुनाचा जावई सोनं आनतो, कुनाचा मोटार आनतो. तुझ्या जावयानं मीठ आनलं! जलमभर पुरंल." असं म्हणून तिनं घमेलं शीग लावून भरून नेलं. मग आळीतून एकेक बाई भांडं घेऊन यायला लागली. जी ती जाताना विचियनचे आभार मानून जायची आणि प्रत्येक आभारासरशी त्याचे कान तापायचे. त्या आठवड्यात जेवताना चटणी अळणी लागली तरी त्याची मीठ मागायची सोय राहिली नव्हती.

एका संध्याकाळी केन नारळाच्या करवंट्या घासत बसलेला त्याला दिसला. चांगल्या दहा-बारा करवंट्या, आतून स्वच्छ, गुळगुळीत.

"हे काय करताय, बाबा?" विचियननं कानाजवळ ओरडून विचारलं.

"पानी बगतोय."

दिवस मावळताना म्हातारा त्या करवंट्या अंगणभर पालथ्या घालत फिरला. एक वारुळापाशी, एक चिंचेखाली, एक गोठ्यामागं. जमीन हातानं साफ करायची, करवंटी दाबून बसवायची, पुढं जायचं. विचियन बघत राहिला. मनात आलं, उपग्रहाच्या जमान्यात करवंटी. पण मिठाच्या धन्यानं कोणत्या तोंडानं बोलावं?

फटफटायला लागल्यावर दोघं मिळून करवंट्या उचलायला गेले. वारुळाजवळची कोरडी, चिंचेखालची जेमतेम दमट. गोठ्यामागचीला चार थेंब. मग केननं नव्या घराच्या जागेतली करवंटी उचलली, उलटी करून विचियनपुढं धरली. आतून ती घामेजली होती. थेंब एकमेकांत मिसळून ओघळत होते. खालची माती नुकती शिंपल्यासारखी काळी.

विचियननं मान वर केली. पहिला खांब तिथून सहा हातांवर होता, वाळलेल्या केळीच्या रोपासकट. करवंटी त्याच्या आखणीतल्या दिवाणखान्याच्या अगदी मध्यावर होती.

"आजचा योगायोग असंल," तो म्हणाला.

केननं त्याचे ओठ वाचले. "उद्या बगू."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी विचियननं चोरून ती करवंटी तीन पावलं पलीकडे बसवली आणि आपल्या हातानं दुसरी जुन्या जागी घातली. सकाळी सरकवलेली कोरडी निघाली आणि नवी घामेजलेली. आता बोलायला जागा उरली नाही.

त्या दिवाणखान्याचं एक चित्र विचियनच्या फोनमध्ये तीन वर्षं होतं. समोर सरकती काच, रस्त्याकडं तोंड, पांढरी फरशी. रायोंगला पत्र्याच्या खोलीत सहा माणसांत निजताना तो ते काढून बघायचा. जेवताना त्यानं विषय काढला. "आपण खांब हलवला तर? घर चार मीटर मागं घेऊ."

चिकट भाताची टोपली मध्ये होती. नुआनचा टोपलीत गेलेला हात तिथंच थांबला.

"कंचा खांब?"

"पयला."

"पयला खांब उपटायचा?" तिचा आवाज चढला. "अरं, सगळ्या आळीनं हात लावून उभा केलाय त्यो! त्यातलं कुनी मेलं, कुनी आजारी पडलं, तर कुनाच्या नावानं बोलतील? खांब हलायचा न्हाई. त्यापरीस म्या त्या शिडीवरनं उतरतीया मरस्तोवर."

केनला यातलं अर्धंच ऐकू आलं असावं. पण त्याला अर्धंही पुरलं. तो फक्त म्हणाला, "हं."

विचियन उठला, हात धुतले आणि आखणीचा कागद घेऊन चिंचेखाली बसला. दुपार उलटली तरी बसूनच होता. लामदुआननं पाण्याचा तांब्या आणून ठेवला तेव्हा त्यानं कागद तिच्यापुढं सरकवला. खांब होता तिथंच होता. घर मात्र त्याच्याभोवती फिरून पाठीमागं गेलं होतं. दिवाणखान्याच्या जागी उघडी मोरी, विहीर आणि धुण्याचा ओटा. काच गेली होती. सरळ रस्त्यावरून दिसणार ती धुणी आणि भांडी.

"तुमची काच?" लामदुआननं विचारलं.

"काचंतनं काय बगायचं व्हतं? पिम्पाच दिसली असती."

लामदुआन हसली, मग तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. वाईट वाटतच होतं त्याला, ते तिला कळत होतं.

आठ खड्डे बुजवायला दोन दिवस लागले आणि नवे आठ आखायला अर्धा. खड्डे बुजवताना येणारे-जाणारे थांबून चौकशी करायचे. "आधी खनायचं, मग बुजवायचं, रायोंगला असंच शिकिवत्यात का?" विचियन प्रत्येकाला "व्हय, व्हय" म्हणून फावडं मारत राहिला. निदान हे स्वतःच्या मनानं पत्करलेलं हसं होतं.

मग विहिरीला हात घातला. सिमेंटची गोल कडी आणली. कड्याच्या आत बसून खालची माती उकरायची, तसतसं कडं आपल्या वजनानं खाली सरकतं, मग वर दुसरं ठेवायचं. आत एका माणसापुरतीच जागा, शिडीलाही नाही. तीन वाशांच्या तिकाटण्यावर कप्पी लावली, दोराला बादली. खाली विचियन, वर दोराला केन. ओढायला जोडीला लामदुआन. म्हाताऱ्याला हाक ऐकू यायची नाही म्हणून खुणा ठरल्या. दोराला एक हिसका म्हणजे ओढा, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे मला वर काढा.

पहिल्या दिवशी माती भुसभुशीत होती. दोन मीटरवर तांबडा कडक मुरूम लागला आणि तिथून छिन्नी-हातोडा. कोपर मागं घेतलं की कड्याला घासायचं, गुडघा हनुवटीला टेकायचा. हवा कोंदट, घामानं डोळे चुरचुरणारे. दुपारी त्याला वर काढायचे तेव्हा पाय सरळ व्हायला वेळ लागायचा. चिंचेखाली भाजलेला मासा, भात, पपईची कोशिंबीर. केन स्वतः काटे काढून माशाचा मऊ तुकडा जावयाच्या पुढं सरकवायचा आणि दुसरीकडं बघायचा.

"बाबा, बादली जरा हळू वडा. समदी माती माझ्या टकुऱ्यावर सांडतीया," विचियन ओरडून सांगायचा.

"आं?"

"टकुरं! माती!"

"टकुऱ्यात माती हाय, ते ठावं हाय मला," म्हातारा म्हणायचा. खरोखर चुकीचं ऐकलं की मुद्दाम, कुणाला कळायचं नाही. नुआन हसून हसून खोकायची.

पाचव्या दिवशी बारावं कडं बसलं. सहा मीटर. तळ कोरडा ठणठणीत. हाताला फोड येऊन फुटले होते, वर लावलेलं मलम घामानं वाहून गेलं होतं. विचियननं छिन्नी टाकली, दोराला तीन हिसके दिले आणि वर आला. काठावर बसला. आकाशात दुपारनंतर ढग जमायला लागले होते. पाऊस पंधरा दिवसांवर होता.

"आता बास," तो म्हणाला.

"अजून दोन कडी," केन म्हणाला.

"आन् खाली मीठ लागलं तर?" विचियनचा आवाज फाटला. एवढे दिवस दाबलेली भीती ती हीच होती. "बाबा, गाव मला अजून मीठवाला म्हनतंय. परत खारं लागलं तर या गावात तोंड कुठं दाखवू म्या?"

लामदुआननं ते बापाच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग त्यानं दोर गुंडाळून नीट ठेवला.

"मागल्या टायमाला तुझं एकट्याचं मीठ लागलं," तो म्हणाला. आळीभर ऐकू गेलं. "आता लागलं तर दोगांचं लागंल. जा, हातपाय धू."

दुसऱ्या दिवशी तेरावं कडं बसलं. चौदाव्याला मुरूम संपला आणि छिन्नी एकदम आत रुतली. पांढरट रेती. विचियननं हातानं उकरलं. रेती गार होती. त्यानं तळवा दाबून धरला, काढला, आणि तळव्याच्या ठशात हळूहळू पाणी भरलं. मग घोट्याजवळून एक झरा रेती उडवत वर आला, मग दुसरा.

त्यानं हात मागं घेतला. चाखायचं धाडस होईना. पाणी घोट्याच्या वर आलं, गढूळ होतं ते जरा निवळलं. शेवटी त्यानं ओठ ओले केले. मग एक घोट. मग गुरासारखं तोंड लावून प्यायला. गोडं होतं. रांजणातल्या पावसाच्या पाण्यासारखं गोडं.

ओरडावंसं वाटलं, पण ओरडून वर कुणाला ऐकू येणार? लामदुआन जेवण आणायला घरात गेली होती. त्यानं बादली भरली आणि दोराला एक हिसका दिला. बादली डुचमळत वर गेली. वर उजेडाच्या गोलात म्हाताऱ्याचं डोकं दिसलं, मग दिसेनासं झालं. आवाज नाही. विचियन मान वर करून थांबला.

आणि एकदम सगळा दोर वरून सुटून सळसळत त्याच्या अंगावर येऊन पडला.

"बाबा!" तो ओरडला. "ओ बाबा!"

कुणी नाही. पाणी पोटऱ्यांना लागलं होतं. चपलांची फटफट आणि बादलीच्या कडीची खडखड लांब जात होती, आणि मग पिम्पाच्या अंगणातून केनचा आवाज आला. विहिरीच्या तळाशीही शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येत होता.

"पी! पी की! मीठ हाय का? सांग, हाय का मीठ?"

पिम्पा काहीतरी म्हणाली.

"मंग! आगं, करवंटीनं निस्ती जागा दावली. सात मीटर खडक फोडला त्यो आमच्या विचियननं. दिवानखाना मोडला त्यानं स्वोताचा, खांबाला धक्का न लावता. हाय का गावात कुनाची छाती? म्या काय, म्या निस्ता दोर धरून बसलेला!"

तो दोर विचियनच्या पायांभोवती पाण्यात तरंगत होता.

म्हातारा तिथून पुढच्या घरी गेला. पुन्हा पी की, पुन्हा मीठ हाय का, पुन्हा आमचा विचियन. तिसऱ्या घरी खडक आठ मीटर झाला. पाणी गुडघ्याला आलं, गार पडलं, पाय बधिर झाले. विचियन कड्याला पाठ टेकून उभा होता आणि त्याच्या चिखलानं माखलेल्या गालांवरून दोन स्वच्छ रेघा खाली आल्या होत्या.

वर उजेडाच्या गोलात लामदुआनचं डोकं आलं. "अगं बया! तुमी अजून खालीच? आन् बाबा कुठं ग्येले? थांबा, दुसरा दोर आनती, कुनाला तरी हाक मारती..."

"शू," विचियन म्हणाला. "हळू बोल. ऐकू दे."